गळकं तळं आणि दोन शाली

आण्णा, तुमच्याबद्दल चांगलं लिहावं असं काही माझ्या मनात नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वस्तीत तुमची फक्त चांगलीच आठवण निघते. परवाच कोणी तरी म्हणालं, "मेंबर असतं तर वस्तीचं पाण्याचं हाल झालं नसतं." पंचायतीचे मेंबर म्हणजे तुम्हीच. मेंबर असते तर काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. मेंबरांनी हात वर केला असता आणि कुणी बघतंय का ते पाहिलं असतं. तुम्हाला 'तुम्ही' म्हणायची सवय मोडत नाही म्हणून म्हणते. मनातल्या मनात भांडताना मी तुम्हाला कधीच अरेतुरे करायला लागले आहे.

गावाच्या वरच्या अंगाला ते मातीचं धरण. धरण म्हणजे काय, ओढ्याला आडवा घातलेला लांबलचक बांध, त्यावर बाभळी आणि एका टोकाला गंजलेली सरकारी पाटी : पाझर तलाव. त्या नावानं त्याला गावात कुणीही ओळखत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी गळकं तळं. पावसाळ्यात काठोकाठ भरायचं, दिवाळीनंतर रोज थोडं थोडं खाली बसायचं, संक्रांतीच्या सुमारास तळाचा मुरूम उघडा पडायचा. पाणी पळून जात नव्हतं. मुरमातून झिरपत झिरपत ते खालच्या रानात आणि आपल्या वस्तीत येत होतं. विहारापुढच्या आपल्या विहिरीला त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही पाणी असायचं. आई दुपारी कळशी भरताना म्हणायची, "वरचं तळं रडतंय म्हणून आपण हसतोय." पण गावाला त्याची लाज वाटायची. बाहेरगावचे पाहुणे पारावर बसून विचारायचे, "काय पाव्हणं, तुमच्या तळ्याला बूड हाय का न्हाई?" आणि गावातली मोठी माणसं कानकोंडी व्हायची. ज्या तलावाचं कामच गळणं, त्याच्या गळण्याची लाज वाटणारं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि तुम्ही त्या लाजेत सामील झालात. जन्मभर दुसऱ्याच्या उसाला पाणी धरलंत, वरच्या सरीत सोडलेलं पाणी खालच्या रानात कुठं निघतं ते तुम्हाला अंधारातही कळायचं. तुमची गोष्ट अडाणीपणाची असती तर मी केव्हाच माफ केलं असतं.

मी नववीत आहे. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, मी उंबऱ्यात भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले आहे आणि तुम्ही पंचायतीतून येताय, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मेंबर झाल्यापासून तुम्ही त्या शर्टात बसायचात सुद्धा जपून.

"ठरलं," तुम्ही म्हणालात. "तळ्याची गळती बंद. बुडाला काळी माती टाकून रोलर फिरवायचा. थेंब खाली जायचा न्हाई."

मी म्हणाले, "आण्णा, त्याचं नावच पाझर तलाव आहे. ते गळायलाच बांधलंय."

"दोन बुकं वाचली म्हंजी मला शिकीवती व्हय? त्या तळ्यापायी गावाला मान खाली घालाया लागतीया."

"कुणाची मान?" आईनं तव्यावरून नजर न काढता विचारलं. "वरच्या आळीची ना? आन् आपली हीर आटली तर?"

"सरपंच म्हणलं, वस्तीला नळ देतो."

"कवा?"

"देतो म्हणलं ना!"

आईनं भाकरी उलटली. त्या दिवशी भाकरी करपली आणि तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत. तुम्हाला सगळं समजत होतं, एवढा पुरावा मला पुरेसा आहे. नळ आला, आण्णा. म्हणजे नळाचा एक लोखंडी खांब आला. त्याला आता शेळी बांधतात.

पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं आणि भरलेलंच राहिलं. मग जलपूजन. घरात साधा नारळ फोडायचा म्हटलं तर "आपल्यात हे चालत न्हाई" म्हणून अंगावर येणारे तुम्ही, बांधावर उभं राहून पाण्याला खण-नारळ वाहत होतात. मांडवात तुमची खुर्ची अगदी कडेला, खांबाच्या आड. फ्लेक्सवरही तुमचा फोटो सगळ्यांत खालच्या ओळीत, पासपोर्टएवढा. माईकवरून तुमचं नाव घेताना आधी चुकलं, मग दुरुस्त झालं. तुम्ही उठून हात जोडलेत ते इतक्या खाली वाकून की मला मान वळवावी लागली. त्यांनी तुमच्या खांद्यावर शाल टाकली. घरी आल्यावर तुम्ही ती माझ्या अंगावर घातलीत आणि म्हणालात, "कालेजात जाशील तवा घाल. मेंबरची पोर हाईस." असली बक्षिसं देऊन माणसं मोठी होतात, असं तुम्हाला खरंच वाटत होतं. शाल लाल होती, नायलॉनची, आणि पहिल्या धुण्यातच तिच्या गाठी झाल्या.

दिवाळीपर्यंत आपली विहीर खाली गेली. संक्रांतीला पोहरा तळाला घासायला लागला. वर मात्र पाणी चकाकत होतं. काठच्या शेतकऱ्यांनी मोटारी टाकल्या, माळावर डाळिंबाची रोपं लागली, पुण्याकडची माणसं येऊन बांधावर फोटो काढायला लागली. बाहेरगावचे पाहुणे गप्प झाले. गावाची मान ताठ झाली आणि वस्तीतल्या बायकांच्या माना हंड्याखाली गेल्या. तुम्ही त्याच उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेलात. तुम्हाला शेवटची अंघोळ घालायला विहिरीत पाणी नव्हतं. टँकर यायची वाट बघत तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. ते मी विसरलेले नाही. त्याबद्दल तुमची दया यावी असं कितीदा वाटलं, आली नाही.

मी शिकले. शिरूरच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी. ए. झाले, आपल्या घरातली पहिली. आता सणसवाडीत एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि तिथंच खोली घेऊन राहते. शेजारच्या खोलीत बिहारची एक मुलगी आहे. एकदा तिनं माझ्या मोबाईलमध्ये तळ्याचा फोटो पाहिला, आणि त्याच्यापुढचा टँकरच्या रांगेचा. म्हणाली, "दीदी, ये दोनों एक ही गाँव का है? इतना पानी है, फिर टँकर काहे को?" मी सांगायला लागले की आमच्या गावाला तळ्याची लाज वाटत होती. तिला वाटलं, माझं हिंदी चुकतंय. ती हसली. मला तेव्हा तुमचा इतका राग आला की मी त्याच आठवड्यात सुट्टी टाकली आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला गावी गेले.

वाक्य पाठ करून गेले होते : तळाची काळी माती उन्हाळ्यात फोडा, मुरमापर्यंत चर खणा, पाणी मुरू द्या. झेंडा झाला, सभा सुरू झाली, मी हात वर केला. सरपंच, म्हणजे तेव्हाच्या सरपंचांचा पुतण्या, हसून म्हणाला, "थांबा ताई, आधी तुमचा सत्कार. वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट! या, या, पुढं या, हितं खुर्चीवर बसा." टाळ्या झाल्या. त्यांनी मला शाल घातली. निळी होती, निळी बघून आणली असणार, एवढी त्यांची हुशारी. मग माईक माझ्या हातात. आणि मी बोलले, आण्णा. "सर्वप्रथम मी सर्वांचे आभार मानते," असं बोलले. मग म्हणाले, "शक्य झाल्यास, तळ्याच्या बाबतीत काही विचार व्हावा."

विचार व्हावा! पंचायतीत कुठलीही गोष्ट पुरायची झाली की हेच शब्द लागतात.

तेवढ्यात बायकांतून आईचा आवाज आला, "आगं, शाल काढ आन् मग बोल!"

सभा खदाखदा हसली. माझे कान तापले. मी शाल काढली आणि पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मागून एक आप्पा ओरडले, "पोरी, तळं लिंपायला तुझ्याच बापाचा हात वर व्हता!" मी म्हणाले, "होता. चुकला होता. तो खाली करायला आलेय." "आन् आमच्या डाळिंबाचं काय?" दुसऱ्यानं विचारलं. आई उभी राहिली, "डाळिंबाला टँकर लावा की! आमी लावतोच की आमच्या पोरांना." यावर कुणी हसलं नाही. वस्तीतल्या सगळ्या बायकांचे हात वर गेले, मग खालच्या आळीच्या काही बाप्यांचे, कारण त्यांच्याही विहिरी तोवर आटल्या होत्या. सरपंचानं शेवटी उन्हाळ्यात तळाला चर मारायचं सभेपुढे कबूल केलं. त्याच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. उन्हाळ्यात मशीनपुढे मी स्वतः उभी राहणार आहे.

हे पत्र इथंच संपवायचं ठरवलं होतं, तुम्हाला पुरतं लाजवून. पण एक राहिलं. ती निळी शाल खांद्यावर पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला बरं वाटलं. आईनं हाक मारली नसती तर आभार मानून मी खुर्चीवर जाऊन बसले असते. तुमच्या वेळी सभेत बायका नव्हत्या, आई घरी भाकऱ्या थापत होती. याचा अर्थ मी तुम्हाला माफ केलं असा नाही. आणि शाल मी काढली खरी, पण फेकली नाही. सगळ्यांसमोर नीट घडी घातली, खोलीवर घेऊन आले आणि पेटीत तुमच्या लाल शालीवर ठेवली. हे आईला सांगितलेलं नाही. तुम्हाला पत्र पोचत नाही, याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतंय.