नाण्यांचं झाड आणि मजरेवाडीचं घर

मी, श्रीमंत बिरुदेव बंडगर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पेंटर, मूळ गाव मैंदर्गी, हल्ली राहणार मजरेवाडी, सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली नसताना हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसात गाठ आहे. दिवाळीचा विषय काढला की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. डोकं शाबूत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मधला घरगुती मजकूर गाळा, असं वकील म्हणाले. मी गाळलेला नाही.

१) चाळीस वर्षं मी शाळांच्या भिंतींवर सुविचार रंगवले. मराठी वाचून रंगवायचो. इंग्रजी मात्र मास्तरांनी दिलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर पाहून. इंग्रजी मला काढता येतं, वाचता येत नाही. त्या सगळ्या चिठ्ठ्या डालड्याच्या डब्यात आहेत. गेल्या महिन्यात सिद्धरामची मुलगी, माझी नात दिपाली हिने त्या मला अर्थासकट वाचून दाखवल्या. निम्म्या पैशाबद्दलच निघाल्या. वेळ म्हणजे पैसा. पैसा बोलतो. एक होती, पावसाळी दिवसासाठी पैसे शिल्लक टाका. त्यावर मी म्हणालो, "आगं, पाऊस आला तर पैसं कशाला लागत्यात? पाऊस आला न्हाई तर लागत्यात की!" पोरगी हसली. हा डबा दिपालीला देत आहे.

२) ब्रश, शिडी आणि नीळ लावून रेघ मारायचा दोरा बसवराज चनबसप्पा कलशेट्टी यांना. तेही पेंटरच, त्यांनीही आता ब्रश खाली ठेवलेला आहे, पण त्यांना या वस्तूंची किंमत कळते. मुलगा सिद्धराम ही हत्यारं भंगारात घालेल.

३) आता होटगीजवळच्या शाळेची भिंत. साल २००९. हेडमास्तरांनी इंग्रजी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, पैशाचं वाक्य आहे, शेजारी मोठं झाड काढा. मी वड काढला आणि पानोपानी रुपयाची नाणी लावली. मुलगी सोनाली तेव्हा नववीत होती, सुट्टीच्या दिवशी दोरा धरायला यायची. ती खालून म्हणाली, "आप्पा, पैसं झाडाला लागत न्हाईत, असं लिवलंय तितं. तुमी नाणी काढू नका की."

"लई शिकलीस व्हय? दोरा धर गप."

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा हसली. हेडमास्तरांनी निम्मी मजुरी कापली. पोरीचं खरं ठरलं, याचा मला मजुरीपेक्षा जास्त राग आला. झाड तसंच राहिलं. पुसायला रंग लागतो आणि तो पदरचा घालायची माझी तयारी नव्हती.

४) तीन वर्षांनी सोनालीला नर्सिंगला जागा मिळाली. पहिल्या वर्षाचे पंचेचाळीस हजार भरायचे होते. ती उंबऱ्यात उभी राहून बोलली. मी म्हणालो, "पैसं काय झाडाला लागत्यात?"

ती म्हणाली, "तुमीच तर लावलासा की, आप्पा."

मी तिच्या थोबाडीत मारली. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न अकलूजला लावून दिलं.

कायद्याच्या कागदावर खोटं लिहू नये म्हणून लिहितो: त्या दिवशी लोखंडी पेटीत साठ हजार रुपये होते. सिद्धरामच्या फ्लेक्सच्या दुकानासाठी ठेवले होते. पुढच्याच आठवड्यात ते त्याला दिले. दुकान चाललं, आणि वर्षभरात सोलापुरात भिंत रंगवून घेणारं गिऱ्हाईक मला शोधून सापडेना. माझ्या पैशाने माझाच धंदा बसला, त्याची तक्रार नाही. पैसा बोलतो म्हणे. माझा त्या दिवशी पेटीत गप्प पडून होता आणि मीही गप्प होतो. पेटीची गोष्ट माझी बायको मायाक्का हिला माहीत होती. मरेपर्यंत तिने ती कोणाला सांगितली नाही, पण मला ताट वाढताना कधी तोंडाकडे बघितलं नाही.

५) सोनाली आज विधवा आहे. अकलूजच्या एका खासगी दवाखान्यात आया आहे. ज्या वॉर्डात तिने सुई द्यायची, तिथली फरशी पुसते. पोटच्या पोरीचं हे मी केलं. गेल्या पावसाळ्यात मी तिथे गेलो होतो. माफी मागायची होती, पण नुसता खोकलो. तिने चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला आणि निघताना एस.टी.चं तिकीट पुरेल एवढे पैसे माझ्या खिशात घातले.

६) म्हणून मजरेवाडीचं दोन खोल्यांचं घर, जे माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे, जागेसह आणि सर्व हक्कांसह माझी मुलगी सोनाली हिला एकटीला देत आहे. सिद्धरामला त्याचा वाटा साठ हजारांच्या रूपाने २०१२ साली मिळालेला आहे. पतसंस्थेतली ठेव दिपालीच्या शिक्षणाला. काय शिकायचं ते तिने ठरवावं, बापाने किंवा भावाने नाही.

७) आमच्याकडे बाप गेला की दहाव्याला बहिणीला साडी नेसवतात आणि डोळे पुसायच्या आत हक्कसोडपत्र पुढे करतात. बहीण न वाचता सही करते, माहेर तुटू नये म्हणून. मीही माझी बहीण निंगव्वा हिच्याकडून मैंदर्गीच्या चार एकरांवर, जे पुढे कर्जात गेले, अशीच सही घेतली. साडी अडीचशेची होती. सिद्धरामने तसाच कागद आत्ताच टाइप करून ठेवला आहे. फ्लेक्सच्या गुंडाळीत तो मी पाहिला. नाव सोनालीचं आहे. तारखेची जागा कोरी आहे.

सोनाली, घर तुझ्या नावावर केलं तरी तू त्या कागदावर सही केलीस तर ते जाईल. भाऊ रडेल, भावजय पाया पडेल, चारचौघं माहेरचं दार बंद होईल म्हणून सांगतील. ते दारच तुझं आहे. साडी घे, कागद परत कर. हे सगळं वरातीमागून घोडं आहे, मला कळतं. त्या भिंतीखाली उभी राहून तू वाचून सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. आता मी लिहून ठेवलंय. आधी वाच, आणि सही करू नकोस.

वरील मजकूर माझा, अक्षर माझं, चूक माझी. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करायला वेळ नाही.

लिहून देणार: श्रीमंत बिरुदेव बंडगर (सही)

आमच्या दोघांच्या देखत त्यांनी सही केली. मधे दोनदा थांबले, पण पेन कोणाला दिलं नाही.

साक्षीदार:
१. बसवराज चनबसप्पा कलशेट्टी (सही)
२. सुंदरम्मा म्याकल, शेजारी (सही, आधी पूर्ण वाचून घेतलं)

स्थळ: सोलापूर
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५