गुडघ्यासाठी प्रार्थना

१० डिसेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र लिहायचं तीन आठवडे टाळतोय. आधी पेन नव्हतं, पेन मिळालं तेव्हा तोंड नव्हतं. शेवटची बस चुकली म्हणून एका चर्चच्या सभागृहात झोपलो, तो अजून तिथेच आहे. चहा, गादी आणि काम. काम म्हणजे नाताळची खोकी: बिस्किटं, साबण, लोकरीचे मोजे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच. साबण आणि बिस्किटं शेजारी ठेवू नयेत, हे सगळे माझ्यामुळे शिकले. पहिल्या दिवशीची बिस्किटं फेसाळत होती म्हणे.

इथल्या धर्मगुरू म्हणजे पाळकबाई, त्यांचा नियम कडक. खोकं दारात टेकवून यायचं नाही. वाजवायचं, थांबायचं, हातात द्यायचं, दहा मिनिटं बसायचं, आणि निघताना विचारायचं, प्रार्थनेत तुमच्यासाठी काय मागू? ते चिठ्ठीवर लिहून आणायचं. रविवारी चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात आणि अख्खं सभागृह माना खाली घालतं.

आता खरं सांगतो, कुणाला बोलू नकोस. गुरुवारी एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. सहावा मजला, लिफ्ट बंद. बूट दानात आलेले, एक आठ नंबर आणि एक नऊ, तेही चावत होते. बेल दाबली, उघडेनात. कुठेतरी टकटक चालली होती, खालच्या मजल्यावर सुतार असेल. खोकं ठेवलं आणि जिन्यातच चिठ्ठी लिहिली: गुडघे दुखतात. म्हाताऱ्यांचे दुखतातच की. काल साठ माणसांनी त्या गुडघ्यांसाठी डोळे मिटले. गंमत वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाहीये.

बाबांना सलाम सांग, घेतील तर. रागावलीस तर पत्रातून रागाव, गप्प बसू नकोस.

तुझा,
भिंगरी

१४ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यावर एक धपाटा.

दोन मापांचे बूट घालून हिंडणारा माणूस आमच्याच घरात जन्मायचा होता! असो. जिवंत आहेस हे कळलं, निम्मा जीव भांड्यात पडला. उरलेला निम्मा त्या सहाव्या मजल्यावर अडकलाय.

बाबांना पत्र वाचून दाखवलं, घड्याळजींचा भाग गाळून. तर म्हणाले, मधलं पान कुठे गेलं? तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, पाकिटाच्या जाडीवरून ओळखतो. मग सगळं वाचलं. तू न सांगता गेलास त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तुझं नाव काढत नाहीत. आजही नाही काढलं. अर्ध्या जेवणावरून उठले आणि एवढंच म्हणाले, दार उघडलं नाही म्हणजे आत कुणी नाही, असं नसतं. त्यांची पद्धत आठवते ना? दोनदा वाजवायचं, चांगलं थांबायचं, मग एकदा. त्या शेवटच्या एकाला अंथरुणावरची माणसंसुद्धा उठून यायची.

हे मिळेल तसा ऊठ आणि त्या दाराशी जा. पाळकबाईंना खरं सांग. तुझ्या खोट्याला इथे मी हसले असते, पण ती टकटक माझ्या डोक्यातून जात नाही.

पाकीट बाबांनी मागून घेतलं. तिकिटं जमवायचा जुना नाद, दुसरं काय.

दोन ओळी तरी लगेच टाक, आणि आम्ही आहोत एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई

२५ डिसेंबर

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

तुझं पत्र अठराला आलं. बुटांच्या नाड्या न बांधता धावलो. खोकं होतं तिथेच होतं. कुलूपवाल्याला बोलावून कुलूप तोडलं. घड्याळजी दारापासून हातभर लांब पडले होते. कंबरेचं हाड मोडलेलं, हातात काठी. दाराचा आतून, अगदी खालचा, वाटीएवढा रंग उडाला होता.

सुतार नव्हता, ताई.

डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोनतीन दिवस तरी जिवंत असतील. त्या प्रार्थनेच्या रविवारपर्यंत होते की नाही, सांगता येत नाही.

गेल्या रविवारी चिठ्ठ्यांच्या वेळी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मागच्या बाकावरची शिंपीणबाई फक्त म्हणाली, मी मोठ्याने आमेन म्हटलं होतं रे. काल दफन झालं. नातेवाईक कुणी सापडले नाहीत. पहिली मूठ कुणी टाकायची म्हणून सगळे थांबले होते, शेवटी मीच टाकली.

परतताना पाळकबाईंना विचारलं, रागानेच विचारलं, की तेव्हा देव कुठे होता? त्या म्हणाल्या, त्याने एक माणूस सहा मजले चढवून दारापर्यंत पाठवला होता. आणि माझ्या हातात पुढचं खोकं दिलं.

आज सकाळपासून चौदा दारं झाली. प्रत्येक दाराला कान लावून थांबतो, लोकांना मी चोर वाटत असेन. एका आजीबाईंनी उलट मलाच विचारलं, तुझ्यासाठी काय मागू रे? पंधरावी चिठ्ठी कोरीच खिशात आहे.

सगळे जेवायला गेलेत. सभागृहात मी एकटाच, थंडीने अक्षर वाकडं येतंय, म्हणजे नेहमीसारखंच. बाबांना एवढं सांग, की ते म्हणाले ते खरं होतं, आणि मी

थांब, दार वाजलं. दोनदा.

कुणी बोलत नाहीये.

आता आणखी एकदा.

ताई, तिकिटं जमवायला म्हणालीस ना तू! ते बाहेर थांबलेत. जातो, उघडतो.