तुघलक हे बापाचं नाव होतं

अण्णा, तुमच्या लेकीनं या वयात एक लेख लिहिला. विषय ऐकून हसाल. तुघलक हे नाव आलं कुठून आणि लिहायचं कसं! सातवीतून शाळा सुटलेली बाई आता दिल्लीच्या सुलतानांच्या मागं लागली आहे. काय करू? हे गेले, मुलगा पुण्याला, लातूरच्या घरात मी आणि वाचनालयाची पुस्तकं. दूधवाला सोडला तर दिवसभर कुणाशी बोलणं नसतं. एकट्या जिवानं भिंतीशी तरी किती बोलावं?

या नावाची ओढ मात्र तुमच्यापासूनच लागली. नांदेडच्या छापखान्यात तुम्ही खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी ओली प्रुफं घरी आणायचे. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, मी प्रूफ मोठ्यानं वाचते, तुम्ही मूळ कागदावर बोट फिरवता. मी घाईनं एक ओळ सोडते. "भूक लागली तर सांग पोरी, पण ओळ गिळू नको," तुम्ही दटावता. एकदा इतिहासाच्या गाइडाच्या प्रुफात आधी तुघलक होतं, पुढं तुगलक. मी विचारलं, खरं कोणतं? "दोन्ही खरं. घचे खिळे संपले, मग ग लावला. सुलतान काय जाब विचारायला येऊन राहिला का?" आई भाकरी उलटत म्हणाली, "लई तुगलकी कारभार हाय तुमचा. पोरं नापास झाली म्हंजी?" तुम्ही हसत हसत ताट पुढं ओढलंत.

आता वाचून कळलं, की घोळ तुमच्या एकट्याचा नव्हता. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, म्हणून कुणी तुघलक वाचतं, कुणी तुघलुक. आणि मधला घशातला ग आपल्याकडं नाही, म्हणून आपण घ लिहितो, हिंदीवाले ग. हे नाव तुर्की, एवढं नक्की. कुणी म्हणतं ते टोळीचं होतं. पण मला पटलं ते वेगळंच. तुघलक हे पहिल्या सुलतानाचं स्वतःचं नाव. मुलगा 'बिन तुघलक' म्हणवायचा, म्हणजे तुघलकाचा मुलगा. पुढं लिहिणाऱ्यांनी तेच नाव सगळ्या घराण्याला चिकटवून दिलं. म्हणजे आपण मधे बापाचं नाव लावतो तसंच की! तिथं मी पुस्तक मिटलं.

माझ्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेचे खिळे तुम्ही दुसऱ्या कुणाला जुळवू दिले नव्हते. माझं नाव, मधे तुमचं. लग्न लागलं आणि ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. पहिलंही गेलं, मधलंही गेलं. इथल्या लातूरजवळच्या मुरुडला, सासरी सगळ्यांनी त्याच नावानं हाक मारली आणि मीही ओ देत गेले. ह्यांच्याबद्दल तक्रार नाही, माणूस सोन्यासारखा होता. पण तुम्ही ठेवलेल्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. भाऊ होते तोवर तेही ताईच म्हणायचे.

लेख दिवाळी अंकाला घेतला. संपादकांचा फोन आला, "काकू, पूर्ण नाव कसं छापायचं?" मी माहेरचं नाव सांगितलं, तुमच्यासकट. सांगताना जीभ अडखळली, कारण घरात तुमचं नाव कोण घेत होतं? सगळ्यांचे तुम्ही अण्णाच. मुलाला कळवलं तर तो नाराज झाला. "आई, असं कसं? लोक ओळखतील कसे? आणि बाबांना काय वाटलं असतं?"

"त्यांचं नाव उभा जन्म लावलं रे. एका लेखापुरतं माझ्या बापाचं लावू दे."

मग तो हळूच म्हणाला, "तुझं पहिलं नाव काय सांगितलंस?"

अण्णा, त्याला माहीतच नव्हतं. त्याचा दोष नाही, मीच कधी बोलले नाही. मी सांगितलं. त्यानं ते फोनवर म्हणून पाहिलं, नवख्या गावाचं नाव म्हणावं तसं.

हे पत्र लिहून पेटीत ठेवीन, टपालात टाकायला तुमचा पत्ता कुठला? फक्त एक सांगते. फोनवर त्यानं नाव घेतलं ते मला अगदी लख्ख ऐकू आलं होतं. तरी मी म्हणाले, आवाज तुटतोय बाळा, परत म्हण.