काठीला तुझ्या साडीची मूठ

आई, तुझी हिरवी सुती साडी मी वाया घालवली. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू? तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण बाबा हल्ली घरभर तुलाच शोधत फिरतात. मागच्या महिन्यात मोरीच्या उंबऱ्याशी पडले. डॉक्टर म्हणाले, काठीशिवाय एक पाऊल टाकू द्यायचं नाही, आता हाड मोडलं तर पुन्हा उठणं कठीण. आणि बाबा काठी धरतच नाहीत. "कुणाची आहे ही? ज्याची त्याला देऊन ये," म्हणतात आणि भिरकावतात. भांडी घासतानाही कान त्यांच्या पावलांकडे असतात. वेड लागायची पाळी आलीय गं.

म्हणून म्हटलं, काठीला तुझ्या साडीचीच मूठ करावी, ती तरी ओळखतील. इथे मुलुंडलाच त्यांच्या कारखान्यात कापड रेझिनच्या चिकट रसायनात भिजवून केलेले जाड तक्ते यायचे. त्यातल्याच एका तुकड्याचा दांडा त्यांनी तुझ्या सुरीला बसवून दिला होता, आणि "लाकडाचा काय वाईट होता?" म्हणत तू तीच सुरी वापरत राहिलीस. मलाही तसंच करायचं होतं. साडीच्या पट्ट्या कापायच्या, रेझिनमध्ये भिजवून एकावर एक रचायच्या, दोन फळ्यांत आवळून ठेवायच्या. दगडासारखं घट्ट झालं की कानशीनं आकार द्यायचा. पण कापण्याआधी मी साडी धुतली, आणि धुतली म्हणून खळही घातली. लहानपणी एकदा खळ न घालताच तुझी साडी वाळत टाकली होती. तू पेजेचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून येतेस, "ही साडी आहे की पोतेरं?" म्हणतेस, आणि मी ओल्या हातांनी ती दोरीवरून परत उतरवते. कापायची असली म्हणून काय झालं, साडी तुझी होती ना! कडक इस्त्रीसुद्धा केली. मग पट्ट्या कापून, रेझिनमध्ये भिजवून फळ्यांत आवळल्या. घट्ट झाल्यावर फळ्या सोडून कानस लावली तर खारी बिस्किटासारखे थर सुटले. ज्यांच्या दुकानातून रेझिन आणलं, त्या काकांना तुकडे दाखवले, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, खळ घातलीत? मग रेझिन आत शिरणार कुठून? वाट लागली ना सगळ्याची!"

आता तुझी एकच साडी उरलीय, मरून काठाची. आज दुपारी ती मांडीवर घेऊन, हातात कात्री धरून बसले होते. बाबा भिंत धरत आले.

"काय करतेस?"

"काही नाही, बाबा. मूठ करणार होते. पण आईची साडी संपली."

बाबा म्हणाले, "मग तिला नवी घेऊ या ना."

ते भिंत धरूनच परत गेले. ते पुन्हा पडले तर माझ्यामुळे पडतील, हे मला कळतंय. तरी कापली नाही गं. साडी उशीखाली ठेवलीय. त्यांच्यासाठी नाही, मला हवीय ती.