दसऱ्याला भरलेली टाकी

बाबा, तुमच्या बोटीचं इंजिन यंदा वसंतात सुरूच झालं नाही. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोरी ओढून ओढून माझा खांदा गेला, आणि आई कालव्याच्या काठावर थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. "माझ्याच हातून काहीतरी बिघडलं," एवढंच म्हणाली. डबा न उघडताच आम्ही घरी आलो, आणि संध्याकाळी म्हणते, "विकून टाक ती बोट." मला असा राग आला! आईवर नाही, तुमच्यावर.

कारण आई इतकी वर्षं पाळत आली तो टाकी भरून ठेवायचा नियम तुमचा. दसऱ्याला लेस्टरच्या आपल्या गॅरेजमध्ये तुम्ही पाटावर सगळं मांडायचात: स्टेथोस्कोप, पाने-हातोड्या, आणि मधोमध बोटीवरून उतरवून आणलेलं ते इंजिन, बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या झेंडूच्या माळेत. हळदकुंकू वाहायच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरायची. रिकाम्या टाकीत हिवाळ्यात ओल धरते, पत्रा गंजतो, हे तुम्ही दरवर्षी वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगावं तसं आम्हाला सांगायचात. मी एकदा वैतागून म्हणाले, "कळलं हो बाबा!" तर तुम्ही शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. आत्ता लिहितानाही हसू येतंय. तुमच्यामागे आईने एकही दसरा चुकवला नाही. गाडी येत नाही तिला, तरी शेजारणीला घेऊन पंपावर जायची, कॅन भरून आणायची आणि टाकी काठोकाठ भरायची.

तरी मी इंजिन बोटयार्डात दुरुस्तीला नेलं. तिथल्या बाईने ते उघडलं, तर रबरी नळी फुगून मऊ पडलेली आणि कार्बुरेटरमध्ये हिरवट चिकटा. "तुमची चूक नाही, डक," ती आईला म्हणाली. इथे सगळ्यांनाच डक म्हणतात. हल्ली म्हणे पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळायला लागलेत. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर खातं, आणि टाकीत भरून ठेवलं की हिवाळाभर तेच करत बसतं. यापुढे बिनइथेनॉलचं महागातलं पेट्रोल पंपावर विचारून घ्यायचं, आणि थंडीत टाकी रिकामी ठेवायची. आईने हळूच मला विचारलं, "इथेनॉल म्हणजे काय गं?" म्हटलं, अल्कोहोल. "अगं बाई! म्हणजे ह्यांच्या इंजिनाला मी दारू पाजली?" आणि तुम्ही तर हॉस्पिटलच्या पार्टीतही संत्र्याचा रस सोडला नाहीत! गाडीत आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

नळी बदलली, उन्हाळाभर इंजिन छान चाललं. पण दसरा आला आणि आई अडून बसली. "ह्यांनी भरून ठेवायला सांगितलंय. मी रिकामी ठेवणार नाही."

"अगं, बाबा असते तर त्यांनीच रिकामी केली असती!"

"नाहीत ना पण."

आज पूजा झाल्यावर मात्र ती स्वतःच म्हणाली, "कर बाई काय करायचं ते." मी इंजिन तापू नये म्हणून पाण्याच्या पिंपावर लावून सुरू केलं. आधी पेट्रोलचा नळ बंद करून कार्बुरेटरमधलं जळू द्यायचं, मग टाकी ओतून काढायची, असं त्या बाईने शिकवलं होतं. नळ बंद केला. थोड्या वेळाने आवाज अडखळायला लागला, आणि आईने इंजिनावर तळहात ठेवला. "थांब गं. अजून थोडं चालू दे ना." ती रडत होती, बाबा. तुम्ही गेलात त्या दिवशी आल्यागेल्याचा चहा करत राहिली होती. असं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

हे तुम्हाला पाठवता येणार नाही, म्हणून सांगून टाकते. मी नळ पुन्हा उघडला. इंजिन चालत राहिलं, आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो, आणि शेवटी आईनेच बटण दाबून ते बंद केलं. टाकी अजून अर्धी भरलेली आहे. ती रिकामी करायची हिंमत आता मलाच होत नाहीये.