नमुन्याच्या कापडाची घडी

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्यांदा वाचलं जाणार, म्हणून अक्षर सांभाळून लिहिते आहे. तर मंडळी, खुर्च्या घेतल्या. मांडीवर ताट घेऊन पलंगाच्या कडेला जेवायचं असेल तर पुन्हा माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही, असं आईने मागच्या खेपेला जाहीर केलं होतं. ती सबब आता संपली. आमच्या चष्म्याच्या दुकानासमोरची खानावळ बंद झाली आणि त्यांनी सामान फुटपाथवर विकायला काढलं. टेबल आणि चार खुर्च्या मला इतक्या स्वस्तात पडल्या की त्या पैशांत नवी एक खुर्चीसुद्धा आली नसती.

रूप मात्र बघवत नाही. पॉलिश उडालंय आणि बैठकांचं रेक्झिन फाटून आतला फोम डोकावतोय. पण सांगाडे अस्सल लाकडाचे आहेत. बाबांनी जन्मभर लोकांच्या खुर्च्यांना गाद्या बसवल्या, आईने त्यांची कापडं कापली. त्यांच्या लेकीने चार खुर्च्यांना घाबरायचं म्हणजे शोभत नाही.

ओळखायला सोपं जावं म्हणून मी त्यांना नावं ठेवली आहेत. बसायच्या आधीच कुरकुरते ती आत्या. ऐसपैस, जिथे ठेवाल तिथे गप बसणारे ते भाऊजी. पाठ काठीसारखी सरळ, टेकू म्हणून देत नाही, ती आई. आणि वरून अगदी धडधाकट पण उचलली की कळतं आत एक सांधा तडकलाय, ती तू. रागावू नका कुणी, लाकडाबद्दल बोलते आहे.

सोबत कापडाचा नमुना पाठवते. आईने वीस तारखेच्या आत यावं आणि चांगले दोन महिने राहावं. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसा ठेवा, नावं ठेवल्यामुळे कमी करू नका.

तुझी,
धाकटी

(नमुन्याच्या घडीत ठेवलेली चिठ्ठी)

ताई, ही वाचून फाडून टाक. सव्वीस तारखेचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नकोस. गर्भपिशवी काढल्यावर सहा आठवडे तुला तांब्याही उचलायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना? मी आईला त्याआधी इकडे आणते. बाबा हॉस्पिटलातून परत आले नाहीत, तेव्हापासून तिच्यासमोर त्या जागेचं नाव काढायची सोय नाही. सगळं पार पडलं की सांगू. मलाही भीती वाटते आहे, पण ती तुझ्याजवळ बोलून काय उपयोग?

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं गेलं. 'भाऊजी' खुर्चीवर तुझे भाऊजी खूश आहेत, म्हणतात की या घरात त्यांचा स्वभाव कुणाला तरी कळला. आत्याला मात्र हे पत्र दाखवायचं नाही असं ठरलंय.

आई काही बधत नाही. टेबलाची सबब गेल्यावर तिने कंबर पुढे केली. बसचा प्रवास सोसत नाही म्हणते. गेल्याच महिन्यात हीच कंबर घेऊन ती माळ्यावर चढली होती, ते सोयीस्कर विसरली आहे. मी जास्त आग्रह केला तर तिला संशय येईल आणि नाही केला तर सव्वीस तारीख येईल. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली आहे. ऑपरेशन पुढे ढकलू का, असं मी तुला विचारलं होतं, त्याबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकते आहे आणि तुझं उत्तरही पोस्टमनकडून मीच घेईन, तेव्हा मोकळेपणी कळव.

तुझ्या नमुन्याचं म्हणशील तर पाकीट फोडल्या फोडल्या तो आईने उचलला. खिडकीशी नेला, दोन्ही बाजूंनी ताणून पाहिला, एक कोपरा ओला करून चोळला. विणीत दम नाही, असा निकाल दिला. तरीही तो तिच्या उशाखालून हललेला नाही. अलीकडे ती जरा विचित्रच वागते. गुरुवारपासून मला पाण्याची बादली उचलू देत नाही. म्हणते, हाताला व्यायाम हवा.

पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घास, आडवा घासलास तर ओरखडे जन्मभर दिसतात. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

ताई, घोळ झाला. चिठ्ठी त्या कापडाच्या घडीत होती. पत्र मोठ्यांदा वाचलं जातं, पण कापडाची घडी कोण वाचणार, असं मला वाटलं. घरात कापड आलं आणि ते आईच्या हातात पडलं नाही, असं कधी झालंय का? तीस वर्षं जिच्याजवळ कात्रीचा आवाज ऐकला, तिच्यापासून मी चिठ्ठी लपवली ती कापडात. माझ्या अकलेचं कौतुक तूच कर. बादलीचा अर्थ आता तुला कळलाच असेल. ती काहीच बोलली नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटते. पुढे काय करायचं ते तू सांगशील तसं.

इकडे खुर्च्यांनीही सूड उगवला आहे. लाकूड झकास निघालं, आतून मधासारखा रंग आला, तडकलेला सांधा गोंद घालून दोरीने आवळून ठेवलाय. पण चारही बैठका एकदम काढून मी त्यांची थप्पी लावली. आता कोणती कुणाची हे कळत नाही. वर शहाणपणा असा की जुनं रेक्झिन काढायचे कष्ट वाचवून एकीवर त्यावरूनच नवं कापड चढवलं. ती इतकी फुगली की कुठल्याच खुर्चीत बसत नाही. मी तिच्यावर उभी राहून पाहिलं, तरी नाही.

तुझ्या मायेची आज फार गरज असलेली,
धाकटी

१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं तेराचं पत्र मीच उघडलं. या घरात आलेलं पत्र सगळ्यांचं असतं, आणि तू कळती झाल्यापासून हे तुला ठाऊक आहे. चिठ्ठी मी पाकीट आलं त्याच दिवशी वाचली होती. चार दिवस तुमच्या दोघींचा राग राग केला. मी तुमची आई आहे, काचेचं भांडं नाही. पाचव्या दिवशी मनात आलं की तुम्ही तरी काय कराल, बाबांच्या नंतर मी वागलेच तशी.

काल थोरलीला समोर बसवून सांगितलं की मी कुठेही जाणार नाही. ती खूप रडली, मग मीही रडून घेतलं, आणि मग आम्ही दोघी जेवलो. सव्वीस तारखेला मी तिच्याबरोबर जाणार. मला भीती वाटते का? वाटते. पण घरी बसून वाटण्यापेक्षा तिथे बसून वाटू दे.

आता तुझं. जुनं काढल्याशिवाय त्यावर नवं घालू नये, इतकं तरी बाबांच्या लेकीला कळायला हवं होतं. खुर्च्या राहू देत तिथेच. प्रत्येक सांगाड्यावर वर्तमानपत्र ठेव, आतल्या कडेने अंगठ्याने दाबत जा म्हणजे घडी उमटेल, त्या रेषेवर काप आणि कागदावर खुर्चीचं नाव लिही. जावई कामासाठी बावीसला तुझ्या गावी येत आहेत. त्यांच्याबरोबर चारही बैठका आणि कागद दे. मापाला लावून कोणती कुणाची ते मी काढते. कापड मी इथे घेईन, तुझं ते फडकं भांडी पुसायला ठेव. तू आत्ता रजा घेऊ नकोस. थोरली घरी आली की खरी गरज लागेल, तेव्हा ये.

आणि ती सरळ पाठीची खुर्ची माझ्यावर अगदी बरोबर गेली आहे. ती कुणाला विकू नकोस.

तुझी,
आई

५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. मी बरी आहे. दुखतं, पण रोज थोडं कमी दुखतं. तुला तार केल्यासारखं एका ओळीत कळवलं होतं, आता सविस्तर सांगते. मी आत होते, म्हणून हे सगळं तुझ्या भाऊजींकडून ऐकलेलं.

सव्वीसला सकाळी आई हॉस्पिटलात निघाली ती पिशवी घेऊन. यांना वाटलं डबा असेल. बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिने त्यातून तुझी एक बैठक काढली, मांडीवर घेतली आणि बारीक पकडीने जुन्या रेक्झिनचे खिळे उपटायला लागली. नर्सने येऊन विचारलं, तर आईने तिलाही एक खिळा धरायला दिला. हातोडी मात्र नर्सने जप्त केली आणि जाताना परत देईन असं लिहून दिलं. मला आत तीन तास लागले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा आईच्या रुमालात खिळ्यांचा ढीग होता आणि फळी स्वच्छ झाली होती. सगळं नीट झालं हे ऐकल्यावर तिने आधी रुमालाची गाठ मारली आणि मग यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

चारही बैठका तयार आहेत, हिरवं जाड कापड आहे, कोपऱ्यांवर एक चुणी दिसली तर सांग. तू रविवारी येते आहेस ना? माझी सेवा थोडी करून घेईन आणि लाडही. खालच्या ओळी आईच्या आहेत, तिने पेन ओढून घेतलं.

तुझी,
ताई

धाकटे, थोरली हिंडायला लागली की मी बैठका घेऊन येते आणि स्वतः बसवते. प्रत्येकीच्या खाली खडूने नाव घातलंय, पुसू नकोस. त्या दिवशी मांडीवर होती ती 'ताई'ची. मुद्दाम तीच नेली होती. बाबांच्या वेळी त्याच बाकावर मी अशीच बसले होते, तेव्हा माझे हात रिकामे होते.

तुझी,
आई