हबमध्ये मोडलेला पाच मिलिमीटरचा ड्रिल

मी, बुरुल तुर्दुमामतोव्हा, दिवंगत तेमिश यांची पत्नी, वय एकोणसत्तर, धंदा फिटर, राहणार कोचकोर, शाळेमागची गल्ली, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी फूस लावलेली नाही. मनात राग आहे. पण रागावलेलं माणूस शुद्धीवर नसतं असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही, हे मी नोटरी नुरीलाबाईंना विचारून घेतलं आहे.

कलम १. राहतं घर, मागचं बटाट्याचं शेत, गाय आणि लोकरीच्या नमद्याचे तीन गालिचे माझी मुलगी बेगायीम हिला द्यावेत. तिच्या एकटीच्या नावावर. जावयाने घरात खुशाल राहावं, पण छपराला निळा रंग देण्याचा त्याचा जो बेत आहे, तो मी हयात असताना नाकारलेला आहे आणि मेल्यावरही नाकारते.

कलम २. शेडमधलं उभं ड्रिल मशीन, शिकंजा, वेल्डिंगचा संच, खूण ठोकायचे सगळे पंच, मोडके बोल्ट काढायचे उलट्या पिळाचे ड्रिल आणि आटे पाडायच्या टॅपचे लाकडी डबे हेही बेगायीमलाच. जावयाने त्यांना हात लावू नये. स्क्रू फिरत नाही म्हटलं की त्याला हातोडा आठवतो.

ट्रॅक्टर दुरुस्ती केंद्रात मी १९७१ साली लागले. पुरुषांनी जोर लावून बोल्ट मोडायचे आणि मी बसून ते काढायचे, अशी कामाची वाटणी होती. काढून दिला की तेच म्हणायचे, "आम्ही सैल करून ठेवला होता, म्हणून निघाला." अठ्ठावीस वर्षं हे ऐकलं. केंद्राच्या भिंतीवर उत्तम कामगारांचे फोटो लावलेले असत. दरवर्षी फोटो बदलताना चौकटीचे गंजलेले स्क्रू काढायला मात्र मलाच बोलवायचे.

बेगायीम, मोडका बोल्ट काढणं तुला येतं, तरी लिहून ठेवते. आधी रॉकेल सोडायचं आणि एक दिवस वाट पाहायची. मग तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं. पंच अगदी मध्यावर मारायचा आणि त्या खुणेवर ड्रिल लावायचा. केसभर सरकला तर ड्रिल आतल्या आत मोडणार. आणि मोडला तर कबूल करायचं. मोडण्यात लाज नाही. आता ज्यात लाज आहे ते सांगते.

कलम ३. हे कलम मालमत्तेचं नाही. नुरीलाबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात असलं काही बसत नाही." मी म्हटलं, "बसवा. माझ्या नवऱ्याचं नाव हीच माझी सगळ्यात मोठी मिळकत, आणि ती चोरीला गेली आहे."

तेमिश नारीनच्या रस्त्यावर बस चालवायचा. सप्टेंबर २००४ मध्ये, भर दुपारी, दोलोनचा घाट उतरताना पुढचं डावं चाक निघालं आणि बस ओढ्यात कलंडली. तेमिश गेला. दोन प्रवासी गेले, त्यातली एक आमच्याच गावातल्या सुयुमकानची एकोणीस वर्षांची मुलगी. चौकशीवाल्यांनी चार दिवसांत कागद केला: चालकाला डुलकी लागली, बस दगडावर आदळली, म्हणून चाक निघालं. आदल्या दिवशी तेमिशला सुट्टी होती. तो दुपारभर इतका घोरत होता की शेजारच्यांनी भिंत ठोकली. मी हे सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी लिहून घेतलं नाही.

सुयुमकानने भर बाजारात माझ्यासमोर येऊन म्हटलं, "तुझ्या नवऱ्याची झोप माझ्या पोरीला भोवली!" त्यानंतर अकरा वर्षं ती मला पाहिलं की रस्ता बदलायची. मी तिला दोष देत नाही. मीही बदलला असता.

बसगाड्यांच्या दुरुस्तीचं काम माझा धाकटा दीर शामेन याच्याकडे होतं. तेमिशच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तोच यजमान होऊन बसला. घोडा त्याने कापला, लोकांच्या हातांवर पाणी त्याने घातलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दमला होता बिचारा. माफ करा त्याला."

२०१५ साली बस आगाराने जुनं भंगार काढलं. मी शिकंज्यासाठी जाड पत्रा शोधायला गेले होते. ढिगात चाकाचा हब दिसला, चाक ज्यावर बसवतात तो मधला तुंबा. त्यावर तेमिशने स्वतः ठोकलेला त्याच्या बसचा नंबर होता, सातचा आकडा उलटा. मी हब हातगाडीवर घालून घरी आणला.

हबवर चाक धरून ठेवणारे सहा स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, असतात. चार वाकलेले होते, आटे सोलून निघालेले. उरलेल्या दोन जागी मात्र सपाट, राखाडी लगदा. मी दिव्याची ज्योत धरली तर धूर आला आणि वास सुटला. लोखंडाला असा वास येत नाही. गोंद होता, दोन नळ्यांतून काढून मिसळतात तो. एका भोकाच्या काठाला त्याच गोंदाने नटाचा तुकडा अजून चिकटलेला होता. म्हणजे दोन स्टड आधीच तुटलेले होते. वरून नुसते नट डकवले होते, मोजणाऱ्याला सहा दिसावेत म्हणून. भरलेली बस घाटात चार स्टडवर पाठवली होती.

एका तुटक्या स्टडच्या आत काहीतरी चकाकत होतं. ड्रिलचा मोडलेला तुकडा: कुणीतरी स्टड काढायला गेलं होतं आणि ड्रिल आतच मोडला होता. पंचाने फोडून काढला असता तर अर्ध्या तासाचं काम. पण मला तो अख्खा हवा होता. भोवतालचं मऊ लोखंड मी सुईएवढ्या भोकांनी पोखरत गेले. तीन दिवस लागले. तुकडा तळहातावर घेतला, पुसला, टोक पाहिलं.

तो ड्रिल माझा होता. धार लावताना टोकाला मी मधला कणा बारीक करून दोन्हीकडे खाच देते, तशी खाच या जिल्ह्यात दुसरं कुणी देत नाही. अपघाताच्या आदल्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, शामेनने पाच मिलिमीटरचा ड्रिल मागून नेला होता. परत मागितला तर म्हणाला, "हरवला हो वहिनी."

घरापासून त्याचं गॅरेज दोनशे पावलांवर. हब उचलून माझ्याकडे आणला असता तर मी दोन दिवसांत दोन्ही स्टड काढून दिले असते, वर चहा पाजला असता! पण वहिनीकडे तुटका बोल्ट घेऊन जायचं, तेही आपल्या कामगारांसमोर? त्यापेक्षा गोंद बरा वाटला त्याला. तीन माणसं गेली ती याच्या ताठ्यापायी.

मी तुकडा घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "लोखंडावर काय नाव लिहिलेलं असतं?" चौकशीच्या कचेरीत म्हणाले, प्रकरण बंद झालं. गल्लीतले म्हातारे म्हणाले, "बुरुल, घरातली गोष्ट घरात ठेव." घरातली? सुयुमकानची मुलगी माझ्या घरातली होती का?

शेवटी मी हब त्याच हातगाडीवर घालून सुयुमकानच्या दारात गेले. तिने दोन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. बोट पुसलं. मग म्हणाली, "आत ये. थंडीत उभी राहू नकोस."

कलम ४. तो हब आणि ड्रिलचा तुकडा सुयुमकानला द्यावा. ती म्हणेल तिथे तो ठेवावा. कुणीही तो भंगारात घालू नये.

कलम ५. बचत खात्यातून माझ्या दफनाचा खर्च करावा. उरेल त्यातून तेमिशच्या कबरीचा कलंडलेला दगड सरळ करावा.

कलम ६. शामेनला काहीही देऊ नये. हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून लिहिलेलं आहे.

गेल्या मंगळवारी मी त्याला निरोप धाडला. आला. चौसष्ट वर्षांचा झालाय तो. मी तळलेले बोर्सोक पुढे ठेवले आणि इथवर लिहिलेले कागद दिले.

"वहिनी, हे लिहू नका," तो म्हणाला. "माझ्या नातवंडांना इथंच राहायचंय."

"माझ्या मुलीलाही इथंच राहावं लागलं, शामेन. झोपलेल्या ड्रायव्हरची मुलगी म्हणून वाढली ती."

"मला वाटलं होतं, चार पुरतील."

पंधरा वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. मी ओरडायचं ठरवलं होतं. ओरडले नाही. म्हटलं, "मला दोन साक्षीदार लागतात. नुरीलाबाई सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही त्यानेच साक्ष करावी. तुला काहीच मिळत नाही. सगळं वाच, आणि मग पटलं तर सही कर."

तो बोर्सोकला हात न लावता उठून गेला. आज सकाळी मला न विचारता नोटरीच्या कचेरीत येऊन बसला आहे.

वरील सर्व मी वाचून, समजून, पानोपानी सही करून दिलं आहे.

ठिकाण: कोचकोर. दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९.

बुरुल तुर्दुमामतोव्हा (सही)

साक्षीदार पहिला: कायीपबेक आलीमोव्ह, निवृत्त शिक्षक, शेजारी. समक्ष सही झाली. (सही)

साक्षीदार दुसरा: शामेन तुर्दुमामतोव्ह, मेकॅनिक. कलम तीन मी दोनदा वाचलं. माझा भाऊ झोपला नव्हता. (सही)